बिनघोट्याचा कागद

वाशीम, ता. ११ जानेवारी १९४३, सोमवार

मडमेने दिलेली पेटी आज पुन्हा उघडली. साठ कांड्या, प्रत्येक कांडी कापसाच्या गादीवर निजलेली. डाकबंगल्यात महिनाभर उतरलेल्या साहेबाच्या बायकोला मी तळ्याची नि देवळांची ठिकाणे दाखवत हिंडलो, त्याची ही बक्षिसी. याला पेस्टल म्हणतात. दिसायला शाळेच्या खडूसारखे, पण लोण्यासारखे मऊ. पाणी नको, तेल नको, कुंचला नको, बोटाने पुसून चेहऱ्याची कांती आणायची. बावीस वर्षे मी शाळेत पोरांकडून घडे, पेले आणि जास्वंदीची पाने काढून घेतली. माणसाचा चेहरा मात्र एकदाही मनासारखा उतरला नाही. ही पेटी हातात आल्यापासून वाटते, आता उतरेल.

पेटीबरोबर खरखरीत विलायती कागदाचे दोन ताव होते, ते शिकण्यातच गेले. तिसरा मिळत नाही. अकोल्याला लिहिले, नागपूरला लिहिले. उत्तर एकच, लढाई संपल्यावर विचारा. तिकडे लढणाऱ्यांना काय ठाऊक, वाशीमच्या ड्रॉइंग मास्तराचे त्यांनी काय अडवून ठेवले आहे!

शाळेचा कागद गुळगुळीत. त्यावर हे रंग बसत नाहीत. फुंकर मारली की पोळपाटावरच्या पिठासारखे उडून जातात.

ता. १४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत

लखीराम कापडवाल्याकडे तिळगूळ घ्यायला गेलो आणि कापडाचे तागे ज्यात गुंडाळून येतात तो तपकिरी कागद मागून आणला. रंग धरतो! पण दुसऱ्या थराला फाटतो. मग सुताराकडून काचकागद आणला. त्याने तासाभरात अर्धी गुलाबी कांडी खाल्ली, भुकटी सगळी माझ्या मांडीवर. गुलाबी पुन्हा मिळायचा नाही आणि चेहऱ्याला तोच लागतो.

मनकर्णा म्हणाली, "धोतर आना इकडे. बाया म्हनतीन, मास्तर होळीच्या दोन महिने आधीच खेळले."

ता. २० जानेवारी, बुधवार

स्वतःच कागद खरखरीत करायचा असे ठरवले. विटेची पूड वस्त्रगाळ केली, बाभळीच्या डिंकात कालवून शाळेच्या कागदावर फासली. वाळल्यावर कागद पापडासारखा वळला. दगडाखाली दाबला तर चरे गेले. दुसऱ्या खेपेला डिंक जास्त झाला, कागद आरसा झाला. तिसरी खेप रात्री झुरळांनी खाल्ली. आता करायचे तरी काय? रंग आहेत, हात आहे, पण काढायचे कशावर?

ता. २७ जानेवारी, बुधवार

लखीराम रुसला आहे. बाजारात त्याने मला अगदी शेजारून रामराम घातला आणि मी तसाच पुढे निघून गेलो म्हणे. आज दुकानात गेलो तर तोंड फिरवून मापे मोजत बसला. "आता तुमी मोठे चित्रकार झाले. आमच्याकडे कायले पाहान?"

मी गळ्याशपथ सांगितले की दिसला नाहीस.

"मी? मी दिसलो नाही?" त्याने पोटावर हात ठेवून विचारले. त्याचे पोट पाहता प्रश्न रास्त होता.

घरी येताना चौकटीला खांदा आपटला. या आठवड्यात दुसऱ्यांदा. मन चित्रात असले म्हणजे असेच व्हायचे.

ता. २ फेब्रुवारी, मंगळवार

तळ्याच्या अंगाला सैफुद्दीन कागदी राहतो. त्याचे आजे-पणजे बाळापूरहून आले, वह्यांचा नि दप्तराचा हातकागद करायचे. गिरणीचा कागद आला आणि धंदा बसला. आता लढाईने गिरणीचा कागद महाग केला, तेव्हा म्हाताऱ्याचा हौद पुन्हा भरला आहे. पोती नि चिंध्या कुटून लगदा करायचा, साच्यावर उचलायचा, भिंतीवर वाळवायचा. मग खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाच्या घोट्याने घासघासून चकाकी आणायची. मला हवा होता तो भिंतीवरून नुसता सोलून काढलेला. खळ नको, घोटा नको.

सैफुद्दीनचाचांनी दाढी कुरवाळली. "मास्तरजी, बिनघोट्याचा कागद म्हंजे बिनहजामतीचा नवरदेव. त्याले कोन पोरगी देईन?"

त्यांची बायको हाजराबी ओट्यावर फळी घेऊन घोटत बसली होती. तिला दहा वर्षांपासून दिसत नाही, पण घरातला घोटा तिच्याच हातात. तळवा फिरवते आणि जिथे खरखर लागेल तिथे दगड चालवते. मान वर न करता म्हणाली, "ह्या घरातून कच्चा कागद कवा भाईर गेला नाही, मास्तर. आमची इज्जत जाईन."

बरीच मनधरणी केली. शेवटी चाचा म्हणाले, सहा ताव देईन, पण कागद कोणी केला हे गावात सांगायचे नाही. मी कबूल झालो.

ता. १३ फेब्रुवारी, शनिवार

सहा ताव आले. हा कागद नव्हे, प्रसाद आहे! रंग धुरकट पिवळसर, मध्ये मध्ये पोत्याचे धागे, आणि बोट फिरवले तर मांजराच्या जिभेसारखी खरखर. कांडी टेकवली की रंग तिथेच राहतो. एकावर एक चार थर दिले, तरी पाचव्याला जागा आहे. विलायती कागदाला मी उगाच रडलो.

एक तोटा. हा कागद रंग पितो. काल लावलेला पिवळा आज मळका वाटतो. सवय व्हायला हवी.

ता. १६ फेब्रुवारी, मंगळवार

रेशनचे रॉकेल भेसळीचे आहे हे आज सप्रमाण सिद्ध झाले. दिवा लावला की ज्योतीभोवती कडे दिसते, बाहेरून तांबडे, आतून निळे-जांभळे, अगदी इंद्रधनुष्य. डोके चढले होते, कपाळाच्या बाजू ठणकत होत्या, तरी बसून ते काढले. काय सुरेख उतरले! चेहऱ्याआधी निदान दिवा तरी जिंकला.

मनकर्णा भाकरी थापता थापता पाहायला आली. "हे कडं कुठं हाये?"

"दिव्याभोवती. तुले दिसत नाही?"

ती दिव्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. "दिसते," म्हणाली, "थोडंसं." तिला रंगांची नजर नाहीच. तव्यावर भाकरी करपली, तीही तिला दिसली नाही.

ता. १९ फेब्रुवारी, शुक्रवार

नवलच झाले. लग्न झाल्यापासून मनकर्णेने मला तिचे चित्र कधी काढू दिले नाही. तिच्या आईचा कुणीतरी जत्रेत फोटो काढला आणि त्याच वर्षी ती गेली, तेव्हापासून तिच्या मनाने घेतले आहे की माणूस कागदावर गेला की तेवढा इथून कमी होतो. लग्नाला तेवीस वर्षे झाली, पोरगी गोजरा नांदायला गेली, तरी हट्ट कायम. मी पेन्सिल उचलली की पदर तोंडावर.

काल दुपारी ती जुनी लुगडी लगद्याला द्यायला म्हणून हाजराबीकडे गेली होती. बराच वेळ बसून आली. आज सकाळी मी पेटी उघडली तर समोर येऊन बसली. "काढा माहं चित्र."

"आयुष्य कमी होईन ना तुहं?"

"होऊ द्या. लवकर काढा म्हंजे झालं."

पेस्टलचा मऊपणा तिला भावला असणार. पेन्सिलीत ते नाही.

ता. २२ फेब्रुवारी, सोमवार

पहिली बैठक. सकाळी शाळेआधी, ओसरीवर. ती अशी ताठ बसली की जणू कोर्टात साक्ष द्यायची आहे. मी म्हटले, "सैल बस. तेवीस वर्षं पाहून राह्यलो हे तोंड, डोळे मिटून बी काढीन."

ती म्हणाली, "मिटू नोका. उघडे ठेवूनच काढा."

नाक बरे आले.

ता. ३ मार्च, बुधवार

घरात सगळ्या वस्तू जागा सोडून हिंडू लागल्या आहेत. वाटेतला रांजण कोपऱ्यात गेला. पाट भिंतीला टेकून उभे. विचारले तर म्हणते, सारवायला बरे पडते. आज पेटी उघडली तर कांड्यांचा क्रमच बदललेला! तांबड्या एका बाजूला, निळ्या दुसऱ्या, आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला दोऱ्याची गाठ. मी ओरडलो. चित्रकाराच्या पेटीला हात लावायचा नसतो हे तिला कुणी शिकवायचे? दोरे सोडायचे राहून गेले. खरे सांगायचे तर सोयीचे पडतात.

ता. ७ मार्च, रविवार

आज तिने चित्र पाहून विचारले, "डावा कान कुठं गेला माहा?"

कान होता. मी काढला होता. पुन्हा पाहिले तर तिथे नुसता कागद. कागदाने रंग सोडला असणार, त्या जागी धागा जाड आहे. पुन्हा काढला. नंतर लक्षात आले की खांद्याजवळही तेवढीच जागा कोरी राहिली आहे. या कागदावर विश्वास टाकता येत नाही.

मी कागदाला शिव्या देत होतो तेव्हा ती हळूच म्हणाली, "नाचता येईना अंगन वाकडं." हसत नव्हती. पण मग हात पुसून पुन्हा समोर येऊन बसली.

ता. १४ मार्च, रविवार

सैफुद्दीनचाचांकडे तक्रार घेऊन गेलो. म्हटले, तुमचा कागद धुकट आहे. सकाळी जरा बरा असतो, संध्याकाळी त्यावर धूर धरल्यासारखा दिसतो. पांढराशुभ्र लगदा घ्या.

त्यांनी दोन ताव माझ्यासमोर धरले. "यातला पांढरा कोनता?"

दोन्ही सारखेच मळके होते. मी तसे सांगितले. चाचांनी ताव खाली ठेवले. मग म्हणाले, "मास्तरजी, दिव्याभवती कडं दिसते काय तुमाले?"

म्हटले, दिसते तर! रॉकेलच तसे आहे. मी तर चित्रही काढले.

पलीकडे हाजराबीचा घोटा थांबला. चाचा आत गेले आणि सगळ्यांत मोठा ताव घेऊन आले, पैसे घेतले नाहीत. आपल्या कागदाची लाज वाटली असणार म्हाताऱ्याला. मलाच ओशाळल्यासारखे झाले, एवढे बोलायला नको होते. निघताना हाजराबी म्हणाली, "मास्तर, अकोल्याले जा. उशीर नोका करू." अकोल्याला कागद मिळत नाही हे मी तिला दोनदा समजावून सांगितले.

ता. २८ मार्च, रविवार

आज ती आली. कागदावर आली.

कसे झाले ते सांगता येत नाही. सकाळी डोके हलके होते, ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आले होते आणि धूर नव्हता. गालावर शेवटचा गुलाबी तुकडा करंगळीने फिरवला, ओठाच्या कोपऱ्यात थोडा तांबूस दिला, आणि एकदम मनकर्णा माझ्याकडे पाहू लागली. ती बोलायच्या आधी ओठ जरा दाबते, तशी. बावीस वर्षे घडे नि पेले काढणाऱ्या माणसाच्या हातून हे झाले. मला रडू आले, लपवायचे कशाला?

तिने पाहिले. पदर तोंडाशी नेला. "मी अशी हावो?"

"अशीच हायेस."

"मंग ठीक हाये," म्हणाली आणि चुलीकडे गेली. बराच वेळ तिकडून भांड्याचा आवाज आला नाही.

आता पक्के करायचे कसे? स्पिरिटमध्ये लाख विरघळवून वर फवारायची असते, पण स्पिरिट सगळे लढाईला गेले. नुसते उचलले तरी भुकटी पडते. मी तिला म्हटले, "सांभाळून. अशीच राह्यली तर वर्षभरात झडून जाशीन." थट्टेत म्हटले, पण तिचा चेहरा उतरला.

ता. ९ एप्रिल, शुक्रवार

काल दुपारपासून डाव्या डोळ्यात कुणी खुंटी ठोकते आहे. चार वांत्या. हकिमाने गुलाबपाणी घातले. लिहवत नाही.

ता. ११ एप्रिल, रविवार

डावा डोळा दगड झाला आहे. उजव्याने हे लिहितो, ओळ कुठे जाते कळत नाही. मेव्हणा रामकिसन आला आहे, उद्याच्या गाडीने अकोला. मनकर्णा पेटी उशाशी ठेवून बसली आहे. पेटी कशाला, विचारले. म्हणाली, तुमाले लागन म्हून.

वाशीम, ता. २३ मे १९४३, रविवार

घरी आलो. ही पाने वेगळी आहेत. सैफुद्दीनचाचांनी बिनघोट्याचे ताव कापून, दर दोन बोटांवर घडी घालून पाठवले. घडी बोटाला लागते, तिच्यावरून ओळ चालवायची. जुनी वही मला आता दिसत नाही. ही निदान हाताला लागते.

आठवते तेवढे लिहून ठेवतो. काचबिंदू. अकोल्याच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, दिव्याभोवती कडे दिसत होते का. मी म्हटले, दिसत होते, रॉकेलमुळे. ते म्हणाले, किती दिवस? मी जानेवारीपासूनचे सगळे सांगत गेलो, लखीराम, चौकट, कान, धुकट कागद, आणि सांगता सांगता माझे मलाच ऐकू येऊ लागले. डावा गेला. उजव्यावर शस्त्रक्रिया केली ती उरलेले टिकावे म्हणून. गेलेले परत येत नाही. उरलेले म्हणजे चुलीच्या फुंकणीला डोळा लावावा आणि फुंकणीत धूर भरलेला असावा, इतके.

कागद चांगला होता. पहिल्यापासून चांगला होता. मी त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर त्याच्या कागदाला मळका म्हटले.

आणि मनकर्णेला दिव्याभोवती कधीच काही दिसले नव्हते. ती हाजराबीकडे गेली ते लुगडी द्यायला नव्हे. दुसऱ्या दिवशी समोर येऊन बसली, लवकर काढा म्हणाली. मी वहीत लिहिले की तिला पेस्टलचा मऊपणा भावला. काय हा माझा शहाणपणा!

शाळेतून लांब रजेचा कागद आला आहे. रजा संपल्यावर काय, ते त्यात नाही. विचारायचे धाडस मलाही नाही.

ता. २५ मे, मंगळवार

चित्र चौकटीत घालून ओसरीच्या भिंतीवर लावले आहे. काच मिळाली नाही. मला तिथे एक तांबूस डाग दिसतो, मध्यावर उजेड. आल्यापासून दोनदा उठून जवळ गेलो, दोन्ही वेळा मनकर्णा आडवी आली. "हात लावू नोका, भुकटी पडते."

तीन आठवडे ती इथे एकटी होती. पुरुषांच्या वॉर्डात बायकांना राहू देत नाहीत आणि गाय विणार होती, म्हणून शस्त्रक्रिया झाल्यावर रामकिसनने तिला परत पाठवले. एकटीने काय काय सोसले ते ती सांगत नाही. आवाज मात्र बदलला आहे. माझ्याशी पाहुण्याशी बोलावे तसे बोलते.

ता. २६ मे, बुधवार

ती पाण्याला गेली तेव्हा भिंतीला धरून गेलो. करंगळीनेच लावला हात, त्याच करंगळीने गाल पुसला होता.

गुळगुळीत. मांजराची जीभ कुठेच नाही. कपाळ, नाक, गाल, कान, सगळीकडून बोट काचेवरून जावे तसे घसरत गेले. बोटाला कणभर भुकटी लागली नाही. चौकटीच्या कडेला एक जागा तेवढी खरखरीत राहिली आहे, बोटभर.

कागद घोटलेला आहे. खळ देऊन, दगडाने. म्हणजे रंग सगळा फरफटत एकात एक गेला असणार. मला दिसतो तो तांबूस डाग डोळ्यांमुळे नाही. तिथे डागच आहे.

परत येऊन खाटेवर बसलो. ती घागर घेऊन आली, म्हणाली, "काहून असे बसले?" म्हटले, उकडते.

ता. २८ मे, शुक्रवार

सैफुद्दीनचाचा आले. मनकर्णा शेजारी गेलेली पाहूनच आले असावेत. खाली बसले, टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "मास्तरजी, बाईनं कसम घातली व्हती. पन माह्याच्यानं राहवत नाही."

मी म्हटले, "मी हात लावून पाह्यला, चाचा."

ते लहान मुलासारखे रडले. हकीकत अशी. मनकर्णा चित्र फडक्यात बांधून त्यांच्याकडे गेली. चाचा लगद्याची पोती आणायला अनसिंगला गेले होते. तिने हाजराबीला सांगितले, मास्तर डोळे घेऊन येतील न येतील, पण हे झडू नये असे करून द्यायला चाचांना सांगा. ठेवून ती गाईसाठी घरी परतली. हाजराबीने फडके सोडले. तळवा फिरवला. खरखर लागली, भुकटी झडली. तिला वाटले, कच्चा कागद आहे, बिचाऱ्या मास्तरांचे काम आहे, चाचांची वाट कशाला पाहायची? खळ दिली, वाळवला आणि दोन दिवस बसून जन्मात घोटला नसेल इतका मन लावून घोटला. कडेला बोटभर राहिले तेवढ्यात चाचा आले.

"तिले अजून ठाऊक नाही," चाचा म्हणाले. "रोज इचारते, तस्बीर कशी झाली? मी म्हनतो, झळकते."

"आनि मनकर्णेनं पाह्यलं तवा?"

"उचलली, छातीशी धरली आनि गेली. दुसऱ्या दिवशी आली, म्हने, त्याइले सांगू नोका. त्याइले तेवढंच हाये."

मी म्हटले, "मले कळलं हे तिले सांगू नोका."

एका घरात दोन आंधळे, दुसऱ्यात एक, आणि डोळे असलेली दोन माणसे आम्हाला सांभाळत फिरतात, असे लिहिणार होतो. पण मोजले तर चुकले. आमच्या घरात एकच, त्यांच्यात एक. मी मला दोनदा मोजले. इतका कधी एकटा नव्हतो, म्हणून असेल.

ता. ३१ मे, सोमवार

मनकर्णेचा हात धरून हाजराबीकडे गेलो. ती घोटत होती. माझी चाहूल ओळखून थांबली. "मास्तर, तस्बीर चांगली झाली ना?"

बाजूला मनकर्णेचा हात ताठ झालेला मला कळला.

म्हटले, "चाची, तुमच्या हातानं झळाळी आली. आता शंभर वर्षं झडत नाही."

हाजराबी म्हणाली, "मी म्हनलं नव्हतं? कच्चा कागद कवा भाईर जाऊ देल्ला नाही." मग घोटा पुन्हा चालू झाला. तिच्या हाताखालून जो आवाज येतो तो मी ऐकत बसलो. माझे एकुलते एक चित्र याच आवाजात गेले, आणि मला तिचा रागही येत नव्हता. राग यायला तरी काही हाताशी असावे लागते.

वाटेत मनकर्णेने विचारले, "झळाळी आली हे तुमाले कसं ठाऊक?" मी म्हटले, तूच सांगितलेस ना, परवा. तिने सांगितले नव्हते. ती थांबली, माझ्याकडे पाहत असावी. मग म्हणाली, "हो. सांगतलं व्हतं."

ता. ३ जून, गुरुवार

दुपारी ओसरीवर बसलो होतो. समोर भिंतीवर तो डाग. मी म्हटले, "मनकर्णे, मले दिसत नाही, तू सांग. चित्रात काय काय हाये?"

ती उठून भिंतीशी गेल्याची चाहूल लागली. वाटले, आता सांगून टाकते. तिने सांगून टाकले तर मला नवल वाटल्याचे सोंग करावे लागले असते आणि ते मला साधले नसते.

मग तिचे पाऊल आत गेले, कोनाड्यातून काहीतरी खरडल्यासारखा आवाज आला. परत येऊन माझ्या शेजारी बसली.

"केस हायेत," म्हणाली. "मधात भांग. भांगाजवळ पांढरे झाले, सात-आठ."

"मंग?"

"कपाळ लहान हाये. कुंकू जरासं उजवीकडं गेलं." थांबली. "डाव्या भिवईत एक वन हाये. केस येत नाहीत तिथं. लहानपनी गोठ्यात पडली व्हती, गव्हानीचा दगड लागला."

"तो मी काढला?"

"काढला ना. बरोबर काढला."

तो व्रण मी काढला नव्हता. मला तो माहीतच नव्हता. तेवीस वर्षे ते तोंड समोर होते, डोळे मिटून काढीन म्हणालो होतो.

मी हात पुढे केला. तिने आरसा बाजूला ठेवल्याचा आवाज झाला. तिने माझे बोट धरले आणि भिवईवर टेकवले. व्रण तिथे होता, गव्हाच्या दाण्याएवढा. बाकीचे उद्या सांग म्हटले. ती हो म्हणाली आणि गाईला पाणी दाखवायला उठली.